गिऱ्हाईक परत आलं का? आंब्याच्या थेट विक्रीत उद्दिष्टं ठरवायची आणि मोजायची रीत

मे संपत आला की आमच्या देवगड तालुक्यात थेट विक्री करणारे बागायतदार एकमेकांना एकच गोष्ट विचारतात: यंदा गिऱ्हाईक कसं होतं? उत्तरही ठरलेलं असतं, "बरं होतं." बरं म्हणजे किती, असं मी विचारलं की समोरचा माझ्याकडे वसुलीला आल्यासारखं बघतो. सवय जुनी आहे. बागेच्या विक्रीची वही हातात घेण्याआधी मी पतसंस्थेत हिशेब लिहायचे, आणि तिथे "बरं" हा आकडा चालत नसे.

आमचे आप्पा, म्हणजे माझे सासरे, म्हणतात, "आंबो बरो असलो की गिऱ्हाईक आपसूक येता." पण हेच आप्पा काढणीच्या वेळी फळ हातात घेऊन "हा बारा आणे, हा चौदा आणे" असं सांगतात. चौदा आणे तयार झाल्याशिवाय झेला (फळ तोडायची जाळी लावलेली काठी) लावू देत नाहीत. फळाची तयारी आण्यांत मोजणाऱ्या माणसांना गिऱ्हाइकाची निष्ठा मोजणं जड जाऊ नये. रीत तेवढी बसवायला हवी. ती खाली लिहिते आहे. आंब्यापुरती आहे, पण काजू, कोकम, गूळ, लाकडी घाण्याचं तेल असं काहीही घरोघरी विकणाऱ्याला थोडी फिरवून वापरता येईल.

विकलेल्या पेट्या हे उद्दिष्ट धरू नका

पहिलं काम हे. "गेल्या वर्षी चारशे पेट्या गेल्या, यंदा पाचशे घालवायच्या" हे उद्दिष्ट दिसतं नेमकं, पण त्यातलं तुमच्या हातात फार थोडं आहे. हापूस वर्षाआड धरतो. मोहोरावर तुडतुडे आले, फुलकिडे आले, फेब्रुवारीत उष्मा वाढून फळगळ झाली, मार्चमध्ये अवकाळी कोसळला, की पेट्या निम्म्यावर. त्या वर्षी गिऱ्हाईक नाराज होतं असं नाही, द्यायला आंबाच नव्हता. उलट भरघोस वर्षी भाव पडतो आणि वाटेल तो माणूस एक पेटी घेऊन जातो. पेट्यांचा आकडा झाडाबद्दल सांगतो. आपल्याला माणसांबद्दल कळायला हवं, म्हणून मोजायची घरं.

त्यासाठी वही लागते, किंवा मोबाइलमधली एक्सेल शीट. रकाने थोडेच ठेवा: फोन नंबर, नाव, गाव किंवा उपनगर, पहिल्यांदा कोणत्या वर्षी आले, कोणाच्या सांगण्यावरून आले, यंदा कधी मागवलं, किती, तक्रार काय, तिचं काय केलं. नावावर विसंबू नका. माझ्या फोनमध्ये "कुलकर्णी काकू ठाणे" एकापेक्षा जास्त आहेत. फोन नंबर हीच ओळख. मात्र एक वर्ष बाई मागवतात, पुढच्या वर्षी मुलगा मागवतो, मग जुनं घर तुटलं आणि नवं आलं असं वहीत दिसतं. म्हणून पत्ता जुळवून एका घराची एकच ओळ ठेवायची. कोणी भेट म्हणून तिसऱ्याच पत्त्यावर पेटी पाठवली, तर त्या पत्त्याची ओळ वेगळी, आणि "कोणाच्या सांगण्यावरून" मध्ये पाठवणाऱ्याचं नाव.

परत येणारी घरं

आता पहिलं उद्दिष्ट. गेल्या हंगामात ज्यांनी घेतलं, त्यांच्यापैकी किती घरांनी यंदा पुन्हा मागितलं?

समजा गेल्या वर्षी तुमची २४० घरं होती आणि त्यातली १३२ यंदा परत आली. म्हणजे ५५ टक्के. इथे बहुतेक जण थांबतात आणि पुढच्या वर्षी ७० टक्के असं लिहून टाकतात. थांबू नका, या २४०चे दोन ढीग करा. समजा त्यात १५० जुनी घरं होती आणि ९० पहिल्यांदाच आलेली. जुन्यांपैकी १०२ परत आली, म्हणजे ६८ टक्के. नव्यांपैकी फक्त ३०, म्हणजे तिघांत एक. आता कळतं की काम कुठे आहे. जुनं घर सहजी ढळत नाही, ते हललं तर बहुधा बदली, आजारपण, मुलाकडे अमेरिकेला गेले अशा कारणाने. खरी गळती पहिल्या पेटीनंतर होते. समजा यंदाही ९०च नवी घरं आली, तर उद्दिष्ट असं लिहायचं: "यंदा पहिल्यांदा आलेल्या ९० घरांपैकी पुढच्या हंगामात ४० घरांची मागणी १५ मेच्या आत यावी." तिसाचे चाळीस, म्हणजे दहा घरं. टक्केवारीपेक्षा "दहा घरं" म्हटलं की घरातल्या सगळ्यांना काम दिसतं, कारण दहा घरांना फोन करता येतो, टक्क्यांना करता येत नाही.

"मागणी यावी" असं मी मुद्दाम लिहिलं. कमी फळाच्या वर्षी आपण नाही म्हणतो, आणि ज्याला नाही म्हटलं तो वहीत "आला नाही" म्हणून बसतो. हे चूक. ज्याने फोन केला, विचारलं, तो परत आला असं धरायचं. पेटी देता आली की नाही हा वेगळा रकाना. आणि हापूसच्या वर्षाआड स्वभावामुळे एका वर्षाचा आकडा कधीच एकटा बघू नका. दोन हंगाम मिळून एक जोडी, आणि जोडीची तुलना आधीच्या जोडीशी.

एका प्रश्नावर आमच्या घरात अजून वाद होतो. मार्चमध्ये चढ्या भावाने घेणारे आणि मेमध्ये भाव उतरल्यावर घेणारे, दोघांना सारखंच निष्ठावान म्हणायचं का? ह्यांचं मत, मेवाले भावाचे सोयरे. माझं मत वेगळं. जे घर दर वर्षी वीस मेला, मुलांच्या सुट्टीत, न चुकता दोन पेट्या घेतं ते पक्कं घर आहे. त्याला मार्चमध्ये फोन करून छळायचं नाही एवढंच. अक्षय्य तृतीयेला पूजेपुरतं एक डझन घेणारी घरंही अशीच. नेहमीची वेळ लिहून ठेवा. ती टळली तरच घर निसटलं असं समजा.

मोहोर धरला की जानेवारीत एक सोपी चाचणी करून बघा. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ नंबर बसतात, आणि तो मेसेज फक्त तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केला आहे त्यांनाच पोचतो. "यंदा मोहोर बरा आहे, आंबा साधारण अमुक सुमारास" असा दोन ओळींचा मेसेज टाका आणि दोन दिवसांनी मेसेजच्या माहितीत जाऊन किती जणांना पोचला ते बघा. ज्यांना पोचला नाही, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या फोनमध्ये आपण नाहीच. हंगाम सुरू व्हायच्या आधी हाताशी येणारा हा एकमेव आकडा आहे, आणि तो सुधारणं सोपं आहे. पेटीतल्या चिठ्ठीवर "हा नंबर सेव्ह करा" असं ठळक छापायचं.

दहापैकी किती गुण द्याल?

मोठ्या कंपन्या हा प्रश्न विचारतात, तुम्हालाही बँकेतून, मोबाइल कंपनीतून असे मेसेज येत असतील. अमेरिकेतले व्यवस्थापन सल्लागार फ्रेड रायकेल्ड यांनी २००३ मध्ये ही पद्धत मांडली. आमची शिफारस दुसऱ्याला कराल का, शून्य ते दहा सांगा. नऊ-दहा म्हणणारे आपले प्रचारक, सात-आठ म्हणणारे मधले, सहा आणि खालचे नाराज. प्रचारकांच्या टक्क्यांतून नाराजांचे टक्के वजा केले की एक आकडा मिळतो. लाखो ग्राहक असलेल्या आणि ग्राहकाचं तोंडही न बघणाऱ्या कंपनीला तो उपयोगी असेल. आपल्याकडे बागायतदारीण बाई स्वतः फोन करून विचारते आहे म्हटल्यावर भीड पडते. आंबा आंबट निघाला असला तरी समोरून "छान होते हो, नऊ द्या" येतं. शिवाय अडीचशे घरांत पाच-सात जणांनी मत फिरवलं की आकडा उगाच वरखाली होतो. मी हा प्रश्न विचारत नाही. शिफारस कराल का यापेक्षा केली का, हे वहीत दिसतं.

ते दिसण्यासाठी "कोणाच्या सांगण्यावरून" हा रकाना पहिल्या फोनलाच भरायचा. नंतर विचारलं की लोकांना आठवत नाही. "माझा नंबर कुठून मिळाला?" एवढं सहज विचारा. उत्तर "फेसबुकवर" असेल तर तसं लिहा, "आमच्या ऑफिसातल्या एका ताईंनी दिला" असेल तर त्या ताई कोण ते काढा.

आता यातलं उद्दिष्ट कसं लिहायचं? समजा यंदा ९० नवी घरं आली आणि त्यातल्या ३६ घरांनी कोणा जुन्या गिऱ्हाइकाचं नाव सांगितलं. ३६ हा आकडा बरा वाटतो. पण त्यातली २० घरं डोंबिवलीतल्या एकाच सोसायटीची, एकाच सेक्रेटरींनी आणलेली असली तर? त्यांनी पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाकडून मागवलं की वीस घरं एका दिवसात गेली. म्हणून मोजायचं ते दुसऱ्याला सांगणाऱ्या घरांची संख्या. वरच्या उदाहरणात ३६ घरं आणणारी घरं समजा ११ असतील, तर उद्दिष्ट लिहा: "पुढच्या हंगामात किमान १८ वेगवेगळ्या घरांनी निदान एक-एक नवं घर जोडावं." सोसायटीची एकत्र मागणी आली तर प्रत्येक घराचा नंबर सेक्रेटरींमार्फत, त्या घराला विचारूनच घ्या. कोणी नाही म्हटलं तर ओळ रिकामी ठेवा, नंबर कुठून तरी मिळवून मेसेज टाकू नका.

सांगणाऱ्याला कमिशन द्यावं का? माझं स्पष्ट मत, देऊ नये. पेटीमागे शंभर रुपये लावले की सांगणारे वाढतील, पण मग वहीत दिसेल ती शंभर रुपयांची ओढ, आंब्यावरचा विश्वास त्यात कुठे आहे ते सापडणार नाही. आम्ही अशा घराला पहिल्या तोडणीतली पेटी आधी विचारून देतो. त्याला वेगळा खर्च नाही, आणि मान मिळाला हे त्यांना कळतं.

साका, आणि तक्रारींचा आकडा

हापूसमध्ये साका निघतो. वरून फळ देखणं, हाताला नीट, कापलं की आत पांढरट, स्पंजासारखा गर, चव गेलेली. बाहेरून बघून तो ओळखता येत नाही, आप्पांनाही नाही. (वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये काढलेल्या रत्ना जातीत साका नसतो, पण गिऱ्हाइकाला हापूसच हवा असतो, त्याला काय करणार.) त्यामुळे साक्याची तक्रार येणारच. "तक्रारी निम्म्यावर आणायच्या" असं उद्दिष्ट मात्र चुकूनही ठेवू नका. ते गाठायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे फोन न उचलणं.

त्याऐवजी तीन गोष्टी मोजा. एक, विचारलं किती घरांना. पेटी पोचल्याच्या दिवशी विचारून उपयोग नाही, फळ तेव्हा कच्चं असतं. घरी पेंढ्यात पिकून, कापून खाऊन झाल्यावर, म्हणजे साधारण आठ-दहा दिवसांनी फोन किंवा मेसेज. पहिल्यांदा आलेल्या प्रत्येक घराला हा फोन गेलाच पाहिजे, ९० पैकी ९०. इथे सूट नाही. दोन, तक्रारीला उत्तर किती वेळात गेलं. कापलेल्या फळाचा फोटो आल्यापासून २४ तासांच्या आत भरपाई काय ते सांगायचं, मग ती पुढच्या पेटीत जादा फळं असोत की पैसे परत. भर हंगामात रात्री अकरापर्यंत पेट्या भरताना हे जड जातं, म्हणून घरातल्या एकाच माणसाकडे हे काम द्या, आणि तो माणूस पेट्या भरणारा नको. तीन, आणि हे सर्वांत बोलकं: गेल्या वर्षी तक्रार केलेल्या घरांपैकी यंदा किती परत आली. हे प्रमाण तक्रार न केलेल्यांच्या बरोबरीने किंवा वर असेल, तर तुमची भरपाईची रीत चांगली आहे. खाली असेल तर पैसे परत देऊनही बोलण्यात काही राहून जातं आहे.

साक्याबद्दल पेटीतल्या चिठ्ठीत आधीच लिहा. "एखाद्या फळात साका निघू शकतो, निघाल्यास फोटो पाठवा." आमच्याकडे यावर बराच विरोध होता, आपणच आपल्या आंब्याचा दोष कशाला सांगायचा म्हणून. पण ज्याला आधी सांगितलं आहे, तो फोटो पाठवतो. ज्याला सांगितलं नाही, तो शेजाऱ्याला सांगतो.

आंब्याची बाजू मांडायचं काम

आतापर्यंतचं सगळं स्वतःच्या पेटीसाठी. दुसरं काम सगळ्या बागायतदारांचं असतं, आणि त्याची उद्दिष्टं वेगळी लिहावी लागतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे ते नाव त्याच भागातल्या फळाला लावायचा कायदेशीर हक्क, मिळालं. मानांकन मिळालं म्हणून परराज्यातला आंबा देवगडच्या नावाने विकायचा थांबत नाही. बागायतदाराने स्वतः अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते आणि गिऱ्हाइकाने ती विचारावी लागते. तसंच कार्बाइडचं. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनी बंदी आहे. इथिलीन वायूने ठरलेल्या मर्यादेत, म्हणजे १०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत शंभर भाग), पिकवलेलं चालतं. हे दोन वेगळे आहेत हे शहरातल्या फार थोड्या लोकांना ठाऊक आहे.

या कामाच्या बैठकीत हमखास ठराव होतो: "ग्राहकांमध्ये जनजागृती करण्यात येईल." हे उद्दिष्ट पुरं झालं की नाही, हे कोणालाच कधी कळणार नाही. मी तिथे तीन पायऱ्या विचारते. आपण काय केलं? ते ऐकून लोकांनी काय केलं? आणि त्यामुळे काय बदललं? पाच हजार पत्रकं वाटली ही पहिली पायरी, ती फक्त छपाईचं बिल सांगते. पत्रक वाचून किती घरांनी विक्रेत्याला नोंदणी क्रमांक विचारला ही दुसरी. किती विक्रेत्यांनी "देवगड हापूस" अशी पाटी उतरवली किंवा कागद दाखवला ही तिसरी.

प्रत्येक पायरीला एक आकडा आणि एक तारीख द्या. उदाहरणार्थ, वाडीत ४० बागायतदार असतील आणि ९ जणांची नोंदणी असेल, तर "३१ डिसेंबरपर्यंत आणखी १६ जणांचे अर्ज दाखल" हे उद्दिष्ट. कागद जमवून द्यायला एक जण नेमा, कारण लोक अडतात ते सातबारा आणि आधारवरचं नाव जुळत नाही तिथे. शहरातल्या गिऱ्हाइकांसाठी: "आपल्या २४० घरांपैकी ६० घरांनी या हंगामात बाजारातल्या एका तरी विक्रेत्याला मानांकनाचा क्रमांक विचारावा आणि काय उत्तर मिळालं ते आपल्याला एका ओळीत कळवावं." साठ उत्तरं आली की कुठल्या बाजारात काय सांगितलं जातं याचा नकाशाच हातात येतो, आणि अन्न व औषध प्रशासनाकडे जाताना तोंडी गाऱ्हाण्याऐवजी कागद नेता येतो. तिथेही किती अर्ज दिले ते मोजू नका. किती अर्जांना लेखी उत्तर आलं, किती ठिकाणी तपासणी झाली, ते लिहा.

या कामाचा हिशेब आपल्या पेट्यांशी जोडू नका. मानांकनाबद्दल तुम्ही ठाण्यात बोललात, तर त्याचा फायदा रत्नागिरीच्या बागायतदारालाही होईल आणि शेजारच्या वाडीतल्या तुमच्या स्पर्धकालाही. "एवढं बोललो, पण पेट्या कुठे वाढल्या?" असं विचारलं तर एका हंगामात हे काम बंद पडेल, आणि पडलेलं मी पाहिलं आहे.

उद्दिष्टं एका वर्षाला तीनच ठेवा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, सगळ्यांना दिसतील अशी. माझी निवड अशी असेल: पहिल्यांदा आलेल्यांपैकी किती परतले, दुसऱ्याला सांगणारी घरं किती, आणि वाडीतल्या नोंदणीचे अर्ज किती. बाकीचे आकडे वहीत असू द्या, त्यांच्या मागे लागू नका. भर हंगामात आढावा घेऊ नका, त्या महिन्यात कोणाचंच डोकं ठिकाणावर नसतं.

आढाव्याची वेळ जून. पाऊस लागला, बागेतलं काम थोडं हलकं झालं, की वही उघडायची आणि न परतलेल्या घरांची यादी काढायची. प्रत्येकाला फोन करायचा, पण विकायला नाही. "यंदा तुमची मागणी नव्हती, आमचं काही चुकलं का?" एवढंच. उत्तरं चार रकान्यांत बसतात: भाव, फळ, घरची अडचण, विसरले. भाववाल्यांशी घासाघीस करू नका. फळवाल्यांचं पूर्ण ऐकून घ्या, तारीख मिळाली तर ती कुठल्या तोडणीची पेटी होती ते शोधा. घरच्या अडचणीला फक्त विचारपूस. आणि विसरलेल्यांची यादी वेगळी काढून तिच्यावर १५ फेब्रुवारी ही तारीख घाला. त्या दिवशी या घरांना प्रत्येकी वेगळा मेसेज जायला हवा, ब्रॉडकास्ट नाही. त्यांच्यातल्या बहुतेकांनी आपला नंबर सेव्ह केलेला नसतो.